झोपलेली आज्ञा जागी झाली तेव्हा

परवा पगाराच्या दाखल्यासाठी मी आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयात गेलो होतो. फी, पावत्या, पगार, दाखले या सगळ्यांचा हिशेब ठेवणाऱ्या संगणकाच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती त्याच दिवशी बसवली होती. तिच्याबरोबर एक दोन पानी पत्रक आले होते आणि त्यात दोन याद्या होत्या. पहिलीचा मथळा होता ‘दुरुस्त केलेल्या चुका’ आणि दुसरीचा ‘बंद केलेल्या सोयी’. भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मला विचारले, “सर, चूक दुरुस्त केली हे समजलं. पण जुनी सोय बंद कशाला करायची? राहिली असती पडून एका कोपऱ्यात. कुणाचं काय खात होती?”

त्यांच्यासमोर फी भरणाऱ्या मुलांची रांग होती, त्यामुळे माझे उत्तर अर्धवट राहिले. ते येथे पूर्ण करतो. त्यासाठी आपल्याला १ ऑगस्ट २०१२ या दिवशी अमेरिकेत जावे लागेल. अशीच कोपऱ्यात पडून राहिलेली एक सोय त्या सकाळी जागी झाली आणि पाऊण तासात तिने ४६ कोटी डॉलर खाल्ले!

पण एकदम तिथे उडी घेण्यापूर्वी थोडी तयारी करू.

पतंग आणि पावाची भट्टी

प्रोग्रॅम म्हणजे संगणकाला क्रमाने दिलेल्या आज्ञा, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. आई तुम्हाला सांगते, “दूध तापत ठेव आणि लक्ष ठेव.” यात ‘वर आले की गॅस बंद कर’ हे आईने सांगितलेले नसते, पण तुम्हाला ते कळते. संगणकाला कळत नाही. जेवढे सांगाल तेवढेच तो करील, आणि जे सांगून ठेवले आहे ते प्रसंग आला की करीलच, मग सांगणाऱ्याला त्याचा विसर का पडलेला असेना. हे शेवटचे वाक्य ध्यानात ठेवा.

प्रोग्रॅममधील चुकीला ‘बग’, म्हणजे किडा, म्हणतात. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्डच्या ‘मार्क २’ या संगणकाच्या एका रिलेमध्ये खरोखरच एक पतंग अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो काढून चिकटपट्टीने कामाच्या नोंदवहीत चिकटवला. ती वही आजही वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. पुष्कळ पुस्तकांत ‘बग’ हा शब्द या पतंगावरून पडला असे लिहिलेले आढळते, पण ते बरोबर नाही. यंत्रातील लहानसहान दोषांना ‘बग’ म्हणण्याची रीत एडिसनच्या काळीही होती, आणि १८७८ सालच्या त्याच्या पत्रात तो शब्द आहे. नोंदवहीतली गंमत हीच की शब्दातला किडा त्या दिवशी प्रत्यक्ष सापडला.

त्या काळी संगणक मुख्यतः गणिते सोडवण्यासाठी होते. कचेरीचे रोजचे काम संगणकावर टाकण्याचे धाडस पहिल्यांदा केले ते कोणत्या विद्यापीठाने नव्हे, तर लंडनच्या चहा, केक आणि पाव विकणाऱ्या एका कंपनीने! तिचे नाव जे. लायन्स आणि कंपनी. त्यांनी ‘लिओ’ नावाचा संगणक स्वतः बांधला आणि नोव्हेंबर १९५१ मध्ये आपल्या भट्ट्यांतील मालाच्या किमतीचा हिशेब त्याच्याकडे सोपवला. या संगणकाची स्मृती पाऱ्याने भरलेल्या नळ्यांत होती. पाऱ्यातून ध्वनीची स्पंदने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावत आणि पुन्हा पुन्हा फिरवली जात, म्हणजे आकडे अक्षरशः आवाजाच्या रूपात साठवलेले असत. (भौतिकीच्या शिक्षकाला याबद्दल जास्त सांगण्याचा मोह होतो. तो आवरतो.)

बँक, विमा, रेल्वेचे आरक्षण, पगार, गुदामातील माल, शेअर बाजार या सर्वांमागे आज असे कामकाजाचे प्रोग्रॅम आहेत. शाळेतल्या गणितासारखे ते एकदा सुटले की संपले, असे मात्र नसते. कायदा बदलतो, कर बदलतो, नवी योजना येते आणि प्रोग्रॅमला नवा मजला चढतो. तळमजला मात्र जुनाच राहतो.

टाकीतला फुगा

आता अमेरिकेत चला. न्यूयॉर्कसमोर हडसन नदीच्या पलीकडे जर्सी सिटी आहे. तेथील ‘नाइट कॅपिटल’ ही कंपनी इतरांच्या वतीने शेअरच्या खरेदी-विक्रीच्या ऑर्डरी बाजारात पोचवण्याचे काम करी. हे काम माणसे नव्हे, एक प्रोग्रॅम करी. समजा, १०,००० शेअर घेण्याची एक मोठी ऑर्डर आली. ती एकदम बाजारात टाकली तर भाव भडकतो. म्हणून प्रोग्रॅम तिचे लहान लहान तुकडे करून एकेक तुकडा बाजारात पाठवी. मोठ्या ऑर्डरीला आपण ‘आई’ म्हणू आणि तुकड्यांना ‘पिले’. (त्या धंद्यातही साधारण असेच म्हणतात.)

पिले पाठवायची कधी थांबवायची? आईच्या १०,००० ची भरती झाली की. त्यासाठी किती शेअर हाती आले याची सतत मोजणी हवी. तुमच्या घराच्या गच्चीवरील टाकीत एक पोकळ फुगा असतो. पाणी चढते तसा तो वर येतो आणि ठरावीक पातळीला नळ बंद करतो. म्हणजे नळाने जे घडवले त्याची बातमी उलट नळाकडेच येते आणि त्यावरून नळ आपले वागणे ठरवतो. भौतिकीत याला ‘फीडबॅक’ म्हणतात. फुग्याची दांडी तुटली तर काय होते, हे ज्यांच्या घरी पहाटे जिन्यावरून पाणी वाहिले असेल त्यांना सांगायला नको.

नाइटच्या प्रोग्रॅममध्ये ‘पॉवर पेग’ नावाची एक जुनी सोय होती. २००३ साली कंपनीने तिचा वापर थांबवला. वापर थांबवला, पण आज्ञा खोडल्या नाहीत. त्या प्रोग्रॅममध्ये तशाच राहिल्या, आणि कोणी हाक मारली तर ‘ओ’ देण्याच्या स्थितीत राहिल्या.

पुढे २००५ साली कोणीतरी एक सुधारणा केली. हाती आलेल्या शेअरांची मोजणी जी पॉवर पेगच्या आज्ञांमध्ये होत होती, ती तिथून उचलून प्रोग्रॅममध्ये आधीच्या एका टप्प्यावर नेली. चालू असलेल्या सोयींना त्याचा त्रास झाला नाही. पॉवर पेगमधला फुगा मात्र निघून गेला. नळ जागेवर, टाकी जागेवर, फुगा नाही. त्यानंतर पॉवर पेग तपासून पाहिली गेली नाही. जी खोली वापरातच नाही तिथला दिवा लागतो की नाही हे कोण पाहणार?

पुढची सात वर्षे काहीच घडले नाही.

जुनी घंटा, नवा अर्थ

२०१२ साली न्यूयॉर्क शेअर बाजाराने लहान गुंतवणूकदारांसाठी एक नवी योजना जाहीर केली. ती १ ऑगस्टला सुरू होणार होती. नाइटच्या लोकांनी तिच्यासाठी नव्या आज्ञा लिहिल्या आणि त्या जुन्या, न वापरलेल्या पॉवर पेगच्या जागी बसवायचे ठरवले. म्हणजे अडगळ काढण्याचा दिवस शेवटी उजाडला होता!

येथे त्यांनी एक काटकसर केली. प्रोग्रॅममध्ये ‘अमुक सोय वापर’ हे सांगण्यासाठी ऑर्डरीवर एक खूण लावतात. तिला झेंडी म्हणू. झेंडी वर असेल तर सोय चालू, खाली असेल तर बंद. पॉवर पेगची झेंडी कित्येक वर्षे बिनकामाची पडली होती. नव्या योजनेसाठी नवी झेंडी न करता त्यांनी तीच वापरली.

ही काटकसर किती धोक्याची आहे ते पाहा. समजा, तुमच्या शाळेत पूर्वी लांब घंटा झाली की ‘पूर आला, सगळ्यांनी घरी जा’ असा अर्थ होता. पुढे पूल झाला आणि ती घंटा बंद पडली. काही वर्षांनी मुख्याध्यापकांनी ठरवले की लांब घंटा झाली की सर्वांनी कवायतीसाठी मैदानावर यायचे. तशी सूचना आठ वर्गांत फिरवायची होती. शिपायाने ती सात वर्गांत फिरवली आणि आठवा वर्ग चुकून राहिला. घंटा झाली. सात वर्ग मैदानावर गेले. आठवा वर्ग दप्तरे उचलून घरी निघाला. आठव्या वर्गाचे काही चुकले का? तो वर्ग आज्ञाधारकच होता.

नाइटमध्ये नेमके हेच झाले. हा प्रोग्रॅम आठ सर्व्हरवर चालत असे. २७ जुलैपासून टप्प्याटप्प्याने नव्या आज्ञा सर्व्हरवर चढवण्यात आल्या. हे काम करणाऱ्या तंत्रज्ञाकडून एक सर्व्हर राहून गेला. दुसऱ्या माणसाने ते काम पडताळून पाहावे असा लेखी नियम कंपनीत नव्हता, म्हणून ते कोणी पाहिले नाही. आमच्या प्रयोगशाळेत एकाने घेतलेले वाचन जोडीदाराने पुन्हा घ्यावे असा मी आग्रह धरतो, तेव्हा मुले कंटाळतात. त्यांना मी आता ही गोष्ट सांगतो.

पाऊण तास

१ ऑगस्टची सकाळ. बाजार साडेनऊला उघडतो. आठ वाजून गेल्यापासूनच नाइटच्या यंत्रणेतून कर्मचाऱ्यांच्या एका गटाकडे आपोआप ई-मेल जाऊ लागले. त्यांत ‘पॉवर पेग’ हे नाव होते आणि काहीतरी चुकल्याचे म्हटले होते. बाजार उघडेपर्यंत असे ९७ ई-मेल गेले. पण हे ई-मेल धोक्याची सूचना म्हणून योजलेले नव्हते आणि ते आल्यावर ताबडतोब वाचायची पद्धतही नव्हती. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त हळहळ या ९७ ई-मेलांची वाटते. यंत्र दीड तास ओरडत होते.

साडेनऊ वाजले. झेंडी लावलेल्या ऑर्डरी आठही सर्व्हरकडे येऊ लागल्या. सात सर्व्हरनी त्या नव्या योजनेप्रमाणे नीट हाताळल्या. आठव्या सर्व्हरवर नव्या आज्ञा नव्हत्याच. त्याने झेंडी पाहिली, तिचा जुना अर्थ घेतला आणि पॉवर पेगला हाक मारली. नऊ वर्षे झोपलेली ती सोय उठली आणि कामाला लागली. एक पिलू पाठव, दुसरे पाठव, तिसरे पाठव. आईची भरती कधीच झाली होती, पण ते सांगणारा फुगा २००५ सालीच काढून नेला होता.

त्या पाऊण तासात आईच्या ऑर्डरी होत्या फक्त २१२, आणि त्याही लहान. त्यांच्या पोटी लाखो ऑर्डरी बाजारात गेल्या. १५४ कंपन्यांच्या शेअरांत ४० लाखांहून अधिक सौदे झाले आणि ३९ कोटी ७० लाखांहून अधिक शेअरांची उलाढाल झाली. तुम्हीच भागाकार करून पाहा. ४५ मिनिटे म्हणजे २,७०० सेकंद. सेकंदाला जवळजवळ १,५०० सौदे झाले. माणसाच्या पापणीची उघडझाप होते तेवढ्या वेळात काही शे सौदे.

आणि त्यांनी घाबरून काय केले ते ऐका. काहीतरी भयंकर चालले आहे हे कळले, पण कुठे ते कळेना. तर्क असा लढवला, की कालपर्यंत सगळे ठीक होते, आज नव्या आज्ञा आल्या आणि घोटाळा झाला, म्हणजे दोष नव्या आज्ञांतच. म्हणून त्यांनी नव्या आज्ञा सर्व्हरवरून काढून टाकल्या. कोणत्या सर्व्हरवरून? जिथे त्या होत्या त्या सात सर्व्हरवरून! आता त्या सातांतही जुनी पॉवर पेग उघडी पडली आणि येणाऱ्या झेंडीला ‘ओ’ देऊ लागली. रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात ते हे. आपल्या शाळेच्या उदाहरणात, गोंधळ पाहून मुख्याध्यापकांनी सातही वर्गांना ‘नवी सूचना रद्द, जुन्याप्रमाणे वागा’ असे सांगावे आणि घंटा वाजतच राहावी, असा हा प्रकार.

तुम्ही म्हणाल, शेअर घेतले तर घेतले, ते हाती आहेतच ना, मग तोटा कसला? प्रश्न चांगला आहे. मंडईत सगळे टोमॅटो तुम्हीच घेत सुटलात तर भाव चढतो आणि तुम्ही चढ्या भावाने घेत राहता. संध्याकाळी तेच टोमॅटो विकायला बसलात तर एवढा माल पाहून भाव पडतो. नाइटच्या गळ्यात ८० कंपन्यांचे सुमारे ३५० कोटी डॉलरचे नको असलेले शेअर पडले होते, आणि जवळ नसलेले ७४ कंपन्यांचे सुमारे ३१५ कोटी डॉलरचे शेअर त्यांनी विकून टाकले होते. हे सारे निस्तरताना ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. त्या वेळच्या दराने सुमारे अडीच हजार कोटी रुपये.

काही दिवसांतच कंपनीला ४० कोटी डॉलर बाहेरून घेऊन जीव वाचवावा लागला. पुढच्या वर्षी, २०१३ साली, ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. त्याच वर्षी अमेरिकेच्या नियामक मंडळाने, म्हणजे आपल्याकडे सेबी आहे तशा संस्थेने, तिला १ कोटी २० लाख डॉलर दंड केला. वर दिलेले बहुतेक आकडे त्या मंडळाच्या आदेशात नोंदलेले आहेत.

अडगळ का राहते?

भाऊसाहेबांना मी ही गोष्ट नंतर सांगितली. ते म्हणाले, “मग लोक जुनं काढून का टाकत नाहीत?” हा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड आहे.

लोखंडी यंत्र बंद पडले की त्याच्यावर गंज चढतो, कोळी जाळे विणतात, येणारा-जाणारा म्हणतो, हे इथे कशाला? प्रोग्रॅममधील आज्ञांना गंज चढत नाही. दहा वर्षांपूर्वी बंद केलेली आज्ञा कालच्या आज्ञेइतकीच ताजी दिसते. तिला जागा जवळजवळ लागत नाही, भाडे पडत नाही. उलट ती काढायची म्हटले तर कोणीतरी वेळ काढून ती वाचली पाहिजे, कोण कोण तिच्यावर अवलंबून आहे ते शोधले पाहिजे, काढल्यावर सगळे पुन्हा तपासले पाहिजे. एवढे करून दिसायला काय? काहीच नाही. काढलेल्या अडगळीचे कौतुक कोणी करत नाही.

आमच्याच प्रयोगशाळेतले सांगतो. डार्करूमच्या भिंतीवर एक बटण होते. तिथला पंखा केव्हाच काढला होता, पण तारा कपाटामागे तशाच लोंबत होत्या. सगळे त्याला ‘मेलेले बटण’ म्हणत. एकदा शिपाईमामा कपाटामागची जळमटे काढत असताना एका नव्या विद्यार्थ्याने दिवा समजून ते बटण दाबले. मामांना चांगलाच झटका बसला. लाकडी स्टुलावर उभे होते म्हणून निभावले. बटण मेलेले नव्हते, आम्ही ते मेलेले धरून चाललो होतो. त्या खोलीत तोपर्यंत मीही रोज वावरत होतो, हे येथे कबूल करायला हवे.

काढून टाकण्याचीही एक रीत आहे, आणि भाऊसाहेबांच्या तक्रारीत तथ्य होते ते इथे. एखादी सोय वर्षभर कोणी वापरत नाही, पण ३१ मार्चच्या हिशेबाला तीच लागते. म्हणून शहाणे लोक सोय एकदम तोडत नाहीत. आधी सूचना देतात, मग मुदत देतात, मग सोयीला कुलूप लावून पाहतात की कोणी ओरडते का, आणि कोणी ओरडले नाही तरच पाडकाम करतात. नाइटने २००३ साली सोय थांबवली, पण पाडकाम केले नाही.

दुरुस्तीलाही कधी कधी मुदत असते. जुन्या काळी संगणकाची स्मृती महाग होती, म्हणून सन १९६८ न लिहिता नुसते ६८ लिहीत. मग २००० साल आले की ‘००’ म्हणजे १९०० समजले जाणार! मी महाविद्यालयात होतो तेव्हा ‘वाय-टू-के’ म्हणून याचा फार गाजावाजा होता. मुंबई, पुणे, बंगळूर येथील कित्येक प्रोग्रॅमरांनी तेव्हा परदेशी कंपन्यांच्या आज्ञा ओळ न् ओळ वाचून हे दुरुस्त केले. सर्व ठिकाणी चार आकडी सन करणे जमण्यासारखे नव्हते. म्हणून काही ठिकाणी युक्ती केली, ती अशी की दोन आकडी संख्या, समजा, ३० पेक्षा लहान असेल तर २०००चे शतक धर, नाहीतर १९००चे. आता सांगा, ही दुरुस्ती कोणत्या साली पुन्हा चूक होईल?

चूक नाहीच म्हटले तर?

नाइटचे पैसे गेले. ब्रिटनमध्ये माणसे गेली. तेथे लहान गावांतील टपाल कार्यालये खाजगी दुकानदार चालवतात. त्यांचा हिशेब ठेवण्यासाठी १९९९ पासून ‘होरायझन’ नावाचा प्रोग्रॅम आला. तो पुरवणाऱ्या आयसीएल या कंपनीत पूर्वीच्या लिओ संगणकाचा धंदा विलीन झालेला होता. पुढे तिला फुजित्सू हे नाव मिळाले. म्हणजे पावाच्या हिशेबाचा वारसा येथवर आला होता.

होरायझनच्या हिशेबात काही ठिकाणी पैसे कमी दिसू लागले. करार असा की तूट आली तर ती चालवणाऱ्याने भरायची. पुष्कळांनी घरदार गहाण टाकून भरली. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जणांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब या गुन्ह्यांसाठी दोषी ठरवले गेले. काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. “आम्ही काही केले नाही, यंत्र चुकते आहे,” असे ते सांगत, पण संगणक नीट चालत होता असे न्यायालयात गृहीतच धरले जाई.

यंत्र कसे चुकत होते याचा एक नमुना पाहा. २०१५ साली स्कॉटलंडमधील डॅलमेलिंग्टन येथे टपाल चालवणारी एक बाई ८,००० पौंडांची रोकड एका उपकेंद्राच्या नावे जमा दाखवत होती. तिने बटण दाबले. पडदा हलेना. कोणीही करील तेच तिने केले, पुन्हा दाबले. प्रत्येक दाबण्याला होरायझनने नवे ८,००० पौंड जमा धरले. चार वेळा मिळून ३२,००० झाले. पैसे होते ८,०००. म्हणजे २४,००० पौंडांची ‘तूट’!

लिफ्टचे बटण तुम्ही घाईत दहा वेळा दाबता, पण लिफ्ट एकदाच येते. हिशेबाच्या प्रोग्रॅममध्येही तसे करता येते. प्रत्येक व्यवहाराला सुरुवातीलाच पावतीसारखा एक क्रमांक द्यायचा, आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सोडून द्यायचा. हे सांगायला दोन ओळी पुरतात. ‘आमच्यात चूक आहे’ हे मान्य करायला मात्र वीस वर्षे लागली. डिसेंबर २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने होरायझनमध्ये दोष होते असा निकाल दिला. टपाल खात्याचा हेका म्हणजे एकविसाव्या शतकात पृथ्वी सपाट आहे म्हणण्यासारखा आहे, असे न्यायाधीशांनी म्हटले. २०२४ साली ब्रिटनच्या संसदेने खास कायदा करून शेकडो लोकांच्या शिक्षा रद्द केल्या. त्यांपैकी सगळे तो दिवस पाहायला उरले नव्हते.

वर्गात करून पाहा

शिक्षकांना एक खेळ सुचवतो. एका तासिकेत होतो आणि खर्च नाही. आठ मुले एका ओळीत बसवा. मध्ये चिंचोक्यांचा ढीग ठेवा. प्रत्येकाला एक जुनी चिठ्ठी द्या: ‘हिरवा रुमाल दिसला की ढिगातून एकेक चिंचोका उचलत राहा. वर्गनायकाने “पुरे” म्हटले की थांब.’ वर्गनायकाला गुपचूप दुसरे काही काम लावून द्या, म्हणजे “पुरे” म्हणायला कोणी उरणार नाही. आता एका मुलाला नव्या चिठ्ठ्या वाटायला सांगा: ‘हिरवा रुमाल दिसला की एकच चिंचोका उचल आणि हात मागे घे.’ नवी चिठ्ठी दिली की जुनी परत घ्यायची. त्याला चिठ्ठ्या सातच द्या आणि कोणाला सुटले ते बाकीच्यांना कळू देऊ नका.

दर दहा सेकंदांनी रुमाल दाखवा. एका मिनिटानंतर थांबवून प्रत्येकाचे चिंचोके मोजा आणि फळ्यावर लिहा. मग वर्गालाच विचारा, काय करावे? कोणीतरी हमखास म्हणेल, नव्या चिठ्ठ्या काढून घ्या आणि जुन्या परत द्या. त्याचे ऐका. सातही जणांना जुन्या चिठ्ठ्या द्या, आणखी एक मिनिट रुमाल दाखवा आणि पुन्हा मोजा. चिंचोके मात्र भरपूर आणून ठेवा.